व्हॉइसओव्हर की टॉकबॅक? दृष्टिहीन वापरकर्त्याने फोन निवडताना

आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक. दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयी, 2009 पासून आहेत आणि त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. बोट फिरवलं की खाली काय आहे ते ऐकू येतं, उजवीकडे स्वाइप केलं की पुढचं बटण, डबल टॅप केलं की ते उघडतं. थोडा वेळ हाताळून दोन्ही सारखेच वाटतात ते यामुळे.

जेस्चरमध्ये, म्हणजे बोटांच्या हालचालींत, फरक आहेत. यादी सरकवायला व्हॉइसओव्हरमध्ये तीन बोटं लागतात, टॉकबॅकमध्ये दोन. मथळे, लिंक किंवा एकेक अक्षर यांपैकी कशावरून पुढे सरकायचं, हे आयफोनवर रोटरने ठरतं; नॉब पिळावा तशी दोन बोटं स्क्रीनवर फिरवायची. टॉकबॅकमध्ये त्यासाठी एक बोट वर नेऊन लगेच खाली आणायचं. एकीकडून दुसरीकडे गेलं की सुरुवातीला हात चुकतो, मग बसतो. एवढ्यावरून फोन ठरवू नका.

खरा प्रश्न फोन कोणी बनवला हा आहे. आयफोन आणि त्यातली प्रणाली दोन्ही ॲपलची, त्यामुळे एका आयफोनवर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं. दूर बसलेला मित्रसुद्धा कॉलवर नेमकं सांगू शकतो. टॉकबॅक गूगलचा असला तरी डायलर, सेटिंग्ज, कॅमेरा बऱ्याचदा फोन बनवणारी कंपनी स्वतःच्या पद्धतीने करते. सॅमसंगने तर कित्येक वर्षं व्हॉइस असिस्टंट नावाचा स्वतःचा स्क्रीन रीडर दिला होता. म्हणून ‘अँड्रॉइड कसा आहे?’ असं विचारून काही हाती लागत नाही. मॉडेलचं नाव घेऊन विचारा. जुना फोन घेत असाल तर आवृत्तीही पाहा, कारण टॉकबॅकची तीन-चार बोटांची जेस्चर अँड्रॉइड 11 पासूनच मिळतात.

आयफोनच्या या एकसारखेपणाची किंमतही मोजावी लागते. व्हॉइसओव्हरमध्ये बिघाड शिरला तर आयओएसच्या पुढच्या अपडेटची वाट पाहायची. त्याच्या जागी दुसरा स्क्रीन रीडर टाकता येत नाही. टॉकबॅक प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे अपडेट होतो, आणि तो नकोच असेल तर जिशुओसारखा दुसरा वापरता येतो. आवाजाचंही तसंच. बाहेरची स्पीच इंजिनं, म्हणजे मजकुराला आवाज देणारी सॉफ्टवेअर, अँड्रॉइडवर फार पूर्वीपासून चालतात, आयफोनने हे दार 2022 मध्ये आयओएस 16 पासून उघडलं. दिवसभर कानात राहणारा आवाज मनासारखा असणं ही चैन नव्हे, गरज आहे.

स्क्रीनवर ब्रेल टाइप करण्याची सोय आयफोनवर 2014 मध्ये आली, टॉकबॅकमध्ये 2020 मध्ये.

राहिली ॲप्स. लेबल नसलेलं बटण दोन्हीकडे नुसतं ‘बटण’ म्हणूनच ऐकू येऊ शकतं, आणि एकाच बँकेचं ॲप एका प्रणालीवर नीट बोलतं, दुसरीवर अडतं. तुमचं ज्यांच्यावाचून चालत नाही अशी चार-पाच ॲप्स आधी त्या प्रणालीवर चालवून पाहा. सोबत आलेला कॉल उचलणं, बंद करणं आणि लॉक उघडणंही करून पाहा.

माझं मत विचाराल तर, पहिलाच स्मार्टफोन असेल आणि जवळ शिकवणारं कोणी नसेल, तर अपडेट मिळत असलेला आयफोन घ्या, जुन्या मॉडेलचा असला तरी चालेल. स्वतः खटपट करून सगळं हवं तसं लावून घेण्याची आवड असेल तर अँड्रॉइड. त्यातही आधी पिक्सेल पाहा, कारण तिथे फोन, प्रणाली आणि टॉकबॅक तिन्ही गूगलचे आहेत.