बालमंदिर, रिमांड होम आणि सीमाभागातली पोरं

बेळगावच्या मराठी घरात ‘बालमंदिर’ म्हटलं की पहिलीच्या आधीची शाळा डोळ्यांपुढे येते: बडबडगीतं, पाटी, खाऊचा डबा. कर्नाटक सरकारच्या पाटीवर त्याच शब्दाचा अर्थ बालगृह होतो, म्हणजे घरातून पळालेली, टाकलेली किंवा घरात राहणं धोक्याचं ठरलेली मुलं ठेवायची जागा. आपल्या तोंडी मात्र अजून ‘रिमांड होम’च. कायद्यातून तो शब्द गेला, तरी वात्रट पोराला दटावताना खानापूर-निपाणीकडे आजही तोच कामाला येतो.

तो आला मुंबईकडून. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या मुलांसाठीही मुंबईत लागू असलेलेच कायदे. १८९७ च्या सुधारशाळा कायद्याने पंधरा वर्षांखालच्या गुन्हेगार मुलाला तुरुंगाऐवजी शाळेत ठेवता येई. पण किती काळ? कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात! पुढे १९१९-२० च्या जेल कमिटीने मुलांची न्यायालयं वेगळी करावीत असं सुचवलं आणि १९२४ साली मुंबईचा बालक कायदा झाला. ‘रिमांड होम’ याच व्यवस्थेतलं: रिमांड म्हणजे पुढच्या तारखेपर्यंत ताब्यात ठेवणं. थोड्या दिवसांचा मुक्काम हा त्या नावातच होता. वयाने मोठ्या गुन्हेगार पोरांना तुरुंगाऐवजी वेगळ्या शाळेत ठेवणारा १९२९ चा बोर्स्टल कायदा आला, आणि त्यांची शाळा धारवाडला होती.

याच काळातली दुसरी गोष्ट मुलांच्या संस्थांच्या इतिहासात सहसा येत नाही, आणि माझ्या मते ती आधी यायला हवी. हुबळी, गदग, विजापूर इथे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहती होत्या. त्या जमातींच्या कायद्यात मुलांना आईबापांपासून तोडून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याची मुभा होती. पोराने काही केलेलं असावं लागत नव्हतं, जन्म पुरेसा होता. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली गेला, देशभरातून १९५२ मध्ये. या भागातल्या काही वस्त्यांत सरकारी गाडी दिसली की बायका पोरांना आत ओढतात, त्या भीतीला इतकं जुनं कारण असू शकतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हैसूरने १९६४ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला आणि कामकाजाची भाषा हळूहळू कन्नड झाली. देशभर एकच कायदा यायला १९८६ उजाडलं. त्यातही मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत ‘बाल’. हा भेद २००० साली मिटला. सध्या २०१५ चा बाल न्याय कायदा चालतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी निरीक्षणगृह, काळजीची गरज असलेल्यांसाठी बालगृह आणि थोड्या मुदतीच्या आसऱ्यासाठी खुला निवारा, अशी त्याची मांडणी आहे. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला जातो.

भाषेची सोय कागदावर आहे. सुनावणीची भाषा कळत नसेल, तर आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळाने दुभाषा द्यायचा असतो. पण चौदा वर्षांचं पोरगं खरं बोलतं ते सुनावणीत नव्हे, रात्री जेवण वाढणाऱ्या माणसाशी. तिथे दुभाषा कोण देणार?

समजा, चंदगडचा एक मुलगा बापाशी भांडून निघाला आणि बेळगावच्या स्टेशनवर सापडला. तास-दीड तासाच्या अंतरावर घर, पण राज्य वेगळं. मग चौकशी, कोल्हापूरच्या समितीशी विचारविनिमय, बदलीचा आदेश, सोबत कागदपत्रं. ते पुरं होईपर्यंत तो बेळगावातच राहणार. १९५६ च्या आधी त्याचं गाव याच जिल्ह्यात होतं.