स्फुरलंय की स्फुरण चढलंय?

‘ओळ स्फुरली’ आणि ‘स्फुरण चढलं’ यांचा धातू एकच, पण घडतं ते निराळं. ओळ स्फुरते तेव्हा काहीतरी हाती लागतं: एखादं वाक्य, एखादा चेहरा, कुणाच्या तरी तोंडचा शब्द. स्फुरण चढतं तेव्हा हाती काहीच लागलेलं नसतं, नुसते बाहू फुरफुरत असतात. लढवय्यांचं तेवढ्यावर भागत असेल. लिहिणाऱ्यांची गोची अशी, की दोहोंना मिळून आपण ‘स्फूर्ती’ हा एकच शब्द ठेवलाय आणि ‘ती टिकवायची कशी’ असं एकमेकांना विचारत बसतो. कुठली टिकवायची ते आधी ठरवायला हवं. एक कागदावर उतरवली तर टिकते. दुसरी कागदावर उतरतच नाही.

सोयीसाठी पहिलीला सुचणं म्हणू आणि दुसरीला हुरूप.

माझ्या फोनमध्ये एक जुनी नोंद आहे, रात्री पावणेबाराला केलेली. ‘स्टँड. पाऊस. तो माणूस आणि पिशवी!!! कादंबरीचा ऐवज आहे. उद्याच सुरू करायचं.’ कुठला स्टँड, कसला माणूस, पिशवीत काय होतं, आज एक अक्षर आठवत नाही. त्या रात्री मी अशी काही पेटले असणार, की हे विसरणं शक्यच नाही असं वाटलं. म्हणून तर नीट लिहिलं नाही. मी हुरूप टिपायला गेले आणि त्यातली तीन उद्गारचिन्हं तेवढी उरली.

दुसरी नोंद त्याच वर्षाची. तुळशीबागेजवळ एका भांड्यांच्या दुकानात कुकरची रिंग घ्यायला उभी होते. पुढे एक बाई नव्या डब्यांवर नाव घालून घेत होती. मशीनवर बसलेल्या पोराने विचारलं, ‘नाव?’ तिने मुलीचं नाव सांगितलं. ‘पुढे? आडनाव?’ त्यावर ती म्हणाली, ‘ते अजून ठरायचंय. नाव घाल आणि पुढे बोटभर जागा सोड.’ मी हे शेवटचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि खाली एवढंच: ‘मुलगी शेजारीच, फोनमध्ये बघतेय.’ खरं सांगायचं तर तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. पाय दुखत होते आणि रिंग नेमकी त्या मापाची नव्हती. दोन वर्षांनी त्या बोटभर जागेची कथा झाली, छापूनही आली.

दोन नोंदी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. सुचलेलं बहुधा लहान असतं, त्यात कुणीतरी काहीतरी बोललेलं किंवा केलेलं असतं, आणि ते चक्क थंड असू शकतं. हुरूप गरम असतो, मोठा असतो आणि त्याला विशेषणं फार लागतात. ‘एकटेपणावर काहीतरी जबरदस्त लिहायचंय’ हे सुचणं नव्हे. तो हुरूप, विषयाचा सदरा घालून आलेला. विषय कुणालाही मिळतात. बोटभर जागा त्या दुपारी त्या दुकानातच होती.

सुचलेलं किती लहान असावं, याचं कादंबरीकार हेन्री जेम्सने दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी सहज एक गोष्ट काढली: नवरा गेल्यावर जुन्या घरातल्या किमती सामानावरून एका विधवेचं आपल्या एकुलत्या एका मुलाशी हाडवैर झालंय. (आपल्याकडे हे वर्तमानपत्रातही येणार नाही, घरटी एक असतं.) जेम्सला तेवढं पुरलं. बाई उत्साहाने पुढचं सांगू लागल्या, तर याला ते नकोच होतं. खऱ्या घटनेचा तपशील आता आपलं बी नासवणार, असं त्याला वाटलं. 1893 सालच्या त्या संध्याकाळचं टिपण त्याच्या वहीत आहे आणि त्यावरची कादंबरी, ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’, पुस्तकरूपाने आली 1897 मध्ये. मधल्या काळात त्याचा हुरूप कितीदा विझला आणि कितीदा पेटला असेल. बी वहीत होतं, त्यामुळे त्याचं अडलं नाही.

आता हुरुपाकडे. हा टिपता येत नाही, साठवता येतो, तोही थोडा वेळ. आणि तो सगळ्यात पटकन संपतो बोलण्याने. कथा सुचली की पहिल्यांदा ती मैत्रिणीला सांगावीशी वाटते. आपण सांगतो, ती ‘वा!’ म्हणते, आणि रात्री लिहायला बसलं की हात जड. वाहवा आधीच मिळालेली असते, मग आता कशासाठी लिहायचं? हे मला तीन-चार कथा वाया घालवून कळलं. राजशेखराला ते इ.स. 900 च्या आसपास माहीत होतं.

राजशेखर हा कनोजच्या दरबारातला संस्कृत कवी, पण घराणं आपल्या बाजूचं. आपले पणजोबा अकालजलद यांना तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिनचर्येवर एक अख्खा अध्याय आहे. संस्कृत साहित्यशास्त्र म्हटलं की रस, ध्वनी, अलंकार डोळ्यांपुढे येतात. हा गृहस्थ मात्र कवीच्या टेबलावर काय काय असावं ते सांगतो. पाटी आणि खडू, लेखणी, शाईची दौत, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं, ताडपत्रावर कोरायला लोखंडी काटा, आणि नीट सारवून-पुसून गुळगुळीत केलेल्या भिंती. हे सगळं सतत हाताशी हवं. त्या भिंतींवर माझा फार जीव आहे. ताडपत्र शोधेपर्यंत ओळ निसटेल, तर समोरच्या भिंतीवर लिही बाबा! सुचलेल्याची इतकी काळजी.

आणि त्याच अध्यायात उलटा सल्लाही आहे: अर्धवट रचलेलं कुणाला वाचून दाखवू नये, दाखवलं तर ते अपुरंच राहतं. याला तो ‘कविरहस्य’ म्हणतो. पुढे आणखी एक चिमटा. नवी रचना एकट्या माणसापुढे म्हणू नये. उद्या तो ‘ही माझीच’ म्हणाला तर साक्षीला कोण? दोन सल्ले एकमेकांशेजारी ठेवून पाहा. सुचलेलं इतकं उघडं ठेव की भिंतीवरही चालेल, पण चालू कामाबद्दल तोंड मिटून बस. पहिल्याने सुचलेला ऐवज राखला जातो, दुसऱ्याने हुरूप. एकाच माणसाने एका दमात दोन्ही सांगितलंय. आपण मात्र नेमकं उलटं करतो: टिपत नाही आणि सांगत सुटतो.

कवी किती प्रकारचे, हेही तो वेळेच्या हिशेबाने सांगतो. भुयारात-तळघरात शिरून निष्ठेने काव्यच करणारा, सूर्यही न पाहणारा ‘असूर्यंपश्य’. त्याला सगळा वेळ आपलाच. तेवढी निष्ठा नाही पण काव्यात रमलेला तो ‘निषण्ण’. नोकरीचाकरी सांभाळून, तिला धक्का न लावता रचणारा ‘दत्तावसर’. आणि काही निमित्त पुढे ठेवून रचणारा ‘प्रायोजनिक’. त्याची वेळ ते निमित्तच ठरवतं. मराठी लेखक बहुतेक करून दत्तावसर असतो आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन महिने प्रायोजनिक. दत्तावसराला वेळ कुठला? पहाटेचा, जेवण झाल्यावरचा, आणि (हे वाचून मी हसले) पालखीतल्या प्रवासाचा. इतर व्यापांतून सुटलेलं मन तेव्हा जिथे लावावं तिथे गुळवेलीसारखं चिकटतं, असं तो म्हणतो. आपली पालखी म्हणजे लोकल किंवा एसटी. खिडकीची जागा मिळाली तर.

दिवाळी अंकांचा विषय निघालाच आहे. ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या हुरुपाचं वेळापत्रक संपादकांच्या हाती आहे. पावसाळ्यात फोन येतो, ‘गणपतीपर्यंत कथा द्या’ म्हणतात, आणि खरंच हुरूप येतो. मुदत म्हणजे बाहेरून मिळणारा हुरूप, आणि तो चांगलाच काम करतो. पण मुदत ऐवज देत नाही. गणपती आठ दिवसांवर आलेत आणि वहीत एकही बोटभर जागा नाही, तर हुरूप नुसता घाम काढतो. असल्या कथा ओळखू येतात: पहिली दोन पानं पाऊस पडत असतो.

याची दुसरी बाजू जास्त घातक, कारण ती दिसत नाही. हुरूप ओसरला की आपण समजतो, कल्पनाच फुसकी होती. वही उघडतो, ‘बोटभर जागा सोड’ वाचतो, अंगावर काही येत नाही, आणि पान उलटतो. हुरूप ओसरणारच, तो अंगात असतो आणि अंगाला झोप, ताप, ऑफिसातलं ऑडिट असं सगळं असतं. त्याच्या उताराने कल्पनेची किंमत ठरत नाही. बोटभर जागेवरून मी दोनदा पान उलटलं होतं. तिसऱ्यांदा थांबले तेही हुरूप होता म्हणून नव्हे. मुलीचं नाव सरळ दिसावं म्हणून ती बाई डबा कसा धरत असेल, एवढंच पाहायचं होतं. अर्धं पान झाल्यावर हुरूप आपल्या पायांनी आला.

तो रोज यावा यासाठी हेमिंग्वेची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, करतं कुणी नाही: पुढे काय होणार हे माहीत असताना, अंगात अजून दम असताना त्या दिवसाचं काम थांबवायचं. करायला फार जड जातं. हात चालत असताना उठणं म्हणजे वरणभाताचा शेवटचा घास पानात टाकून उठणं. आमच्या घरी असं उठलं की आजी ओरडायची. पण दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी तयार घास समोर असतो.

ही युक्ती कधी चालत नाही, तेही सांगायला हवं. कधी कधी हुरूप असतो, बैठक असते, वेळही असतो, पण ऐवजच संपलेला असतो. मार्क ट्वेनने ‘टॉम सॉयर’च्या हस्तलिखिताच्या चारशेव्या पानाच्या सुमारास हे अनुभवलं. गोष्ट एक पाऊल पुढे जाईना. त्याचं निदान असं, की टाकी कोरडी पडली. माल संपला, आता शून्यातून गोष्ट काढता येणार नाही. त्याने बाड कप्प्यात टाकलं, मधे दुसरी कामं केली आणि दोनेक वर्षांनी बाहेर काढलं. टाकी आपोआप भरली होती. ‘हकलबरी फिन’ही 1876 मध्ये सुरू होऊन 1883 मध्ये पुरं झालं. अशा वेळी पहाटे पाचला उठून टेबलाशी बसण्याचा काही उपयोग नाही. तो हुरुपावरचा इलाज झाला. टाकी टेबलाशी भरत नाही. लोकांत जावं, वाचावं, भांड्यांच्या दुकानात रांगेत उभं राहावं.

काय आटलंय हे ओळखायला मी एक करते. वही उघडून स्वतःला विचारते, ‘पुढच्या प्रसंगात कोण कुणाला काय म्हणतं?’ उत्तर येतं आणि तरी लिहावंसं वाटत नाही, तर हुरूप गेलाय. मग दहा मिनिटं बसायचं, वाईट लिहायचं, सुरू व्हायचं. उत्तरच येत नाही, लिहावंसं मात्र फार वाटतंय, तर ऐवज संपलाय. मग टेबल सोडायचं. गडबड होते ती दुसऱ्या वेळी बसून राहिल्याने आणि पहिल्या वेळी फिरायला गेल्याने.

या चाचणीवर इंग्रजी कवी कोलरिजची प्रसिद्ध तक्रार मला नेहमी घासून पाहाविशी वाटते. ‘कुब्ला खान’ ही कविता 1816 मध्ये छापताना त्याने सांगितलं, की झोपेत दोनशे-तीनशे ओळी जुळून आल्या होत्या. जागा होऊन उतरवू लागला तोच पोर्लॉक गावाहून कुणी कामासाठी आला, तासाहून जास्त अडकवून ठेवलं, आणि परतल्यावर आठ-दहा विखुरलेल्या ओळी सोडून सगळं पुसलेलं. कविता 54 ओळींवर थांबली. या कहाणीवर पुष्कळांचा विश्वास नाही. ती खरी धरली, तरी पोर्लॉकवाल्याने नेलं काय? झोपेतलं सुचलेलं गेलं, हे कबूल. पण त्याच्या हिशेबाने ती झोप 1797 ची. छापेपर्यंत एकोणीस वर्षं होती, आणि ‘उरलेलं पुरं करू’ असा विचार आपण पुष्कळदा केला, असंही तोच लिहितो. त्या एकोणीस वर्षांचं खापर बिचाऱ्या पोर्लॉकवाल्यावर कसं फोडणार? मला त्या पाहुण्याची कायम दया येते. नावही कुणाला ठाऊक नाही, कामासाठी आला होता, काम झालं की नाही तेही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सध्या माझंही एक चालू आहे. परवा रात्री अकरा पानांवर थांबले, बाई जिन्यात उभी आहे आणि वरून कुणीतरी हाक मारलीय. ती काय उत्तर देणार हे मला माहीत आहे. तुम्हाला नाही सांगणार.