कॅनडातील नागरी रेल्वेचे बोगदे : नियोजन आणि कंत्राटपद्धती

शहरी रेल्वेमार्ग जमिनीखालून कुठून न्यायचा, तिथल्या भूस्तराचा शोध कसा घ्यायचा, खोदकामाची रीत कोणती निवडायची आणि ते काम कोणाकडून, कोणत्या अटींवर करून घ्यायचे, या गोष्टींचा विचार या नोंदीत केला आहे. कॅनडात टोराँटो, माँट्रिऑल, व्हँकूव्हर, एडमंटन, कॅलगरी आणि ऑटावा या शहरांत असे बोगदे आहेत. त्यांच्या इतिहासात एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन:पुन्हा येतो : जमिनीखाली अनपेक्षित काही निघाले, तर त्याचा भार कोणी सोसायचा?

पूर्वपीठिका : कॅनडातील पहिला रेल्वे बोगदा म्हणून ऑन्टॅरिओतील ब्रॉकव्हिलच्या बोगद्याचा (१८५४–६०) उल्लेख केला जातो. तो शहराखालून जातो, म्हणून काही लेखक नागरी बोगद्यांची सुरुवातही तिथूनच धरतात. इतर काहींच्या मते सार्निया आणि पोर्ट ह्यूरन यांना जोडणारा, सेंट क्लेअर नदीखालचा १८९१ चा बोगदा हा खरा आरंभ होय. अभियंते जोसेफ हॉब्सन यांनी तेथे ढाल (खोदणाऱ्यांभोवतीची माती रोखून धरत पुढे सरकणारा पोलादी सांगाडा), दाबित हवा आणि ओतीव लोखंडाची कडी ही तिन्ही साधने एकत्र वापरली, आणि मऊ चिकणमातीतून बोगदा नेण्याची रीत या खंडात रुजली ती त्यानंतर. मात्र हे दोन्ही बोगदे लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी होते. शहराच्या वाढीसाठी आणि विजेवरच्या गाड्यांसाठी मुद्दाम आखलेला बोगदा अशी कसोटी लावली, तर मान माँट्रिऑलच्या माउंट रॉयल बोगद्याकडे (१९१२–१८) जातो आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. कॅनेडियन नॉर्दर्न रेल्वेने डोंगरापलीकडची शेतजमीन आधी विकत घेतली, तिथे टाउन ऑफ माउंट रॉयल ही वसाहत आखली आणि भूखंडांच्या विक्रीतून बोगद्याचा खर्च भरून काढण्याचा बेत केला. जमिनीच्या वाढत्या किमतीतून वाहतुकीचा पैसा उभा करण्याची कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते. माँट्रिऑलात ती शंभर वर्षांपूर्वीच अंमलात आली होती.

हाच बोगदा पुढे शहरातील आरईएम या स्वयंचलित रेल्वेसाठी घेण्यात आला. जुलै २०२० मध्ये तेथे काम चालू असताना मूळ बांधकामाच्या काळातले, खडकात न फुटता राहिलेले स्फोटक उडाले. भूस्तराच्या अहवालात खडकाची जात येते, भेगा येतात, पाणी येते. आधीच्या पिढीने मागे सोडलेल्या अशा वस्तूंची नोंद त्यात क्वचितच सापडते.

टोराँटो आणि माँट्रिऑल, दोन वाटा : कॅनडातील पहिली भुयारी रेल्वे टोराँटोच्या यंग रस्त्याखाली ३० मार्च १९५४ रोजी सुरू झाली (लांबी सु. ७.४ किमी., १२ स्थानके). १ जानेवारी १९४६ रोजी झालेल्या मतदानात नागरिकांनी योजनेला कौल दिला होता. प्रत्यक्ष काम सप्टेंबर १९४९ मध्ये सुरू झाले. बहुतेक मार्ग ‘खोदा आणि झाका’ या रीतीने झाला. रस्ता उकरायचा, वर लाकडी फळ्यांचा तात्पुरता रस्ता टाकून ट्रॅम चालू ठेवायच्या आणि खाली काँक्रीटची पेटी बांधायची. १९६३ च्या युनिव्हर्सिटी मार्गावर काही भाग ढालीने पोखरला गेला. सेंट पॅट्रिक आणि क्वीन्स पार्क या स्थानकांच्या फलाटावर उभे राहिले, की भिंतीचा गोलावा आजही नजरेत भरतो. चौकोनी पेटीतल्या यंग मार्गावरून तिथे आलेल्या प्रवाशाला हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

याच काळात, १७ मार्च १९६० रोजी, टोराँटोच्या हॉग्ज हॉलो भागात जलवाहिनीसाठी दाबित हवेत खोदल्या जाणाऱ्या बोगद्यात आग लागून पाच इटालियन स्थलांतरित कामगार मृत्युमुखी पडले. हा बोगदा रेल्वेचा नव्हता. तरीही ऑन्टॅरिओतील कामगार-सुरक्षेचे कायदे बदलायला तो अपघात कारणीभूत ठरला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक बोगद्याच्या कंत्राटातील सुरक्षेची कलमे त्या पाच जणांची ऋणी आहेत.

माँट्रिऑलने वेगळी वाट धरली. मे १९६२ मध्ये काम सुरू झालेली मेट्रो १४ ऑक्टोबर १९६६ रोजी, एक्स्पो ६७ या जागतिक प्रदर्शनाच्या आधी, प्रवाशांसाठी खुली झाली. महापौर झाँ द्रापो यांची राजकीय इच्छाशक्ती आणि ल्युसिएँ लालिए यांच्या हाताखालील पालिकेचे अभियंते यांच्यामुळे चार-साडेचार वर्षांत हे काम उभे राहिले. बोगदा चुनखडक आणि शेल (चिकणमातीपासून बनलेला थरांचा खडक) यांतून खोल नेला, तोही मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याऐवजी शेजारच्या दुय्यम रस्त्याखालून. दोन्ही रूळमार्ग एकाच बोगद्यात बसविले. रबरी चाकांमुळे गाडी तीव्र चढ चढू शकते, म्हणून स्थानके वर आणि मधला बोगदा खाली असा छेद घेता आला. निघालेला दगड सेंट लॉरेन्स नदीतील सेंट हेलेन बेट वाढवायला आणि नोत्र दाम बेट तयार करायला वापरला गेला. आराखडा करणारे, देखरेख ठेवणारे आणि पैसे देणारे एकाच छताखाली असण्याचा लाभ येथे ठळकपणे दिसतो. पुढच्या काळातील टीकाकार वारंवार याच उदाहरणाकडे वळतात ते याचमुळे.

खोदकामाची रीत : ‘खोदा आणि झाका’ पद्धत स्वस्त आणि स्थानके उथळ ठेवणारी असते, पण तिचा त्रास रस्त्यावरच्या लोकांना होतो. व्हँकूव्हरच्या कॅनडा लाइनवर (सुरू : १७ ऑगस्ट २००९) कॅम्बी रस्त्याखाली पोखरलेला बोगदा अपेक्षित होता. सार्वजनिक-खाजगी भागीदारीची निविदा जिंकणाऱ्या गटाने तेथे रस्ता उकरण्याचा पर्याय दिला. दुकानांसमोर दीर्घकाळ खड्डा राहिला. एका दुकानदार महिलेला प्रांतिक न्यायालयाने २००९ मध्ये सहा लाख डॉलर भरपाई मंजूर केली, पण २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला. शहराच्या मनातून मात्र तो गेला नाही. ब्रॉडवे मार्गाच्या विस्तारात (५.७ किमी., त्यातील सु. ५ किमी. भुयारी) स्थानकांमधला भाग यंत्राने पोखरण्याचा आणि स्थानकांच्या खड्ड्यांवर वाहतुकीसाठी तात्पुरते छत टाकण्याचा निर्णय झाला, त्यामागे कॅम्बीची आठवण होती असे मानायला जागा आहे.

टनेल बोअरिंग मशीन म्हणजेच टीबीएम वापरायचे ठरले, की पुढचा प्रश्न येतो : एक मोठा बोगदा की दोन लहान? टोराँटोतील रूढ पद्धत दोन जुळ्या बोगद्यांची, प्रत्येकी साधारण साडेसहा मीटर व्यासाच्या खोदाईची. तिथल्याच स्कारबरो विस्तारासाठी (७.८ किमी., ३ स्थानके) मात्र १०.७ मी. व्यासाचे एकच यंत्र घेतले गेले. एकाच बोगद्यात दोन्ही रूळमार्ग बसले, की दोन बोगद्यांना जोडणारे आडवे मार्ग हाताने खोदावे लागत नाहीत, आणि बोगदाकामात हे आडवे मार्गच बरेचदा सर्वांत जोखमीचे असतात. उलट बाजूने, छेदाचे क्षेत्रफळ पाहिले तर दोन जुळ्या बोगद्यांपेक्षा सु. एक तृतीयांश जास्त माती काढावी लागते. बोगदा रुंद म्हणून तो खोल न्यावा लागतो, आणि तो खोल गेला की स्थानके खोल जातात. बोगद्यात वाचलेला पैसा स्थानकाच्या खड्ड्यात जातो, हा हिशेब निविदेच्या वेळी एकत्र मांडला जातोच असे नाही.

ऑटावाच्या शहरमध्यातील सु. २.५ किमी. बोगद्यात टीबीएम नव्हतेच. फिरत्या दातेरी मुंडीच्या रोडहेडर यंत्रांनी खडक टप्प्याटप्प्याने कोरून, प्रत्येक टप्प्याला फवारा-काँक्रीटचा आधार देत काम झाले. एडमंटनमध्येही टप्प्याटप्प्याने खोदण्याची परंपरा आहे.

भूस्तर आणि आधाररेषा अहवाल : टोराँटोखाली हिमनद्यांनी आणून टाकलेली रेती, गाळ व गोटे आणि त्यांखाली जॉर्जियन बे शेल असतो. हा शेल कापल्यानंतर कालांतराने फुगतो, म्हणून बोगद्याच्या अस्तराला जागा ठेवावी लागते. कंत्राटाच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे भूतांत्रिक आधाररेषा अहवाल. यात जमीन ‘अशी आहे’ असे गृहीत धरून एक रेषा ठरवतात. प्रत्यक्षात त्याहून वाईट निघाले तर खर्च मालकाचा, त्या मर्यादेत राहिले तर ठेकेदाराचा. अहवाल निसर्गाचे वर्णन करीत असला, तरी न्यायालयात त्याचे वाचन कराराचा भाग म्हणूनच होते.

जोखीम आणि कंत्राट : २००५ मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्रास्ट्रक्चर ऑन्टॅरिओ या संस्थेने आराखडा, बांधकाम, वित्तपुरवठा आणि देखभाल एकाच गटाकडे सोपविण्याची पद्धत रुजवली. खाजगी गट जोखीम घेतो, म्हणून जास्त किंमत परवडते, असा तिचा आधार होता. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये अशा ७४ प्रकल्पांची तपासणी केली. ते थेट सरकारने नीट राबवले असते, तर मूर्त खर्च सु. ८ अब्ज डॉलरने कमी आला असता, असा निष्कर्ष निघाला. खाजगी गटाकडे गेलेल्या जोखमीची किंमत सल्लागारांच्या अंदाजावर बेतलेली होती, तिला आकडेवारीचा आधार नव्हता, ही त्यातली मर्मावर बोट ठेवणारी नोंद होय.

ऑटावाने याच विचाराची टोकाची आवृत्ती वापरली. निविदाकारांपुढे भूतांत्रिक जोखमीची शिडी ठेवली गेली. खालच्या पायरीवर बहुतेक जोखीम शहराकडे, सर्वांत वरच्या पायरीवर सगळी ठेकेदाराकडे. रिडो ट्रान्झिट ग्रुप या ठेकेदार गटाने सर्वांत वरची पायरी घेतली आणि सु. २.१ अब्ज डॉलरच्या ठरीव किमतीत काम पत्करले.

८ जून २०१६ रोजी सकाळी रिडो रस्ता खचला. मोठ्या व्यापारी संकुलासमोर डांबर आधी वाकले, मग आत गेले. कडेला उभी असलेली एक व्हॅन घसरत खड्ड्यात उतरली. जलवाहिनी तुटली, गॅसची गळती झाली, आसपासच्या इमारती रिकाम्या केल्या गेल्या. बोगद्यातले कामगार सुखरूप बाहेर आले, जीवितहानी झाली नाही. खड्डा काँक्रीट ओतून भरावा लागला.

कारणाबद्दल दोन मते आहेत. ठेकेदार पक्षाच्या मते जलवाहिनीच्या गळतीने माती आधीच मोकळी झाली होती. दुसऱ्या मतानुसार खोदकामामुळे माती आधी निसटली आणि वाहिनी नंतर तुटली. या जागी खडकाचा माथा एकाएकी खाली जातो. प्राचीन, गाळाने भरलेली दरी तिथे पुरली गेली आहे. म्हणजे बोगद्याच्या तोंडावर खडक संपून मऊ, पाणी धरणारा गाळ सुरू होतो. अशा मिश्र जमिनीत छताचा आधार क्षणात जाऊ शकतो. वाहिनी आधी गळत होती असे मानले, तरी सैल झालेल्या मातीला खाली उतरायला वाट कुठून मिळाली, हा प्रश्न उरतो. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. कराराच्या दृष्टीने मात्र हा क्रमच निर्णायक होता : वाहिनी आधी की माती आधी, यावर कोट्यवधी डॉलर आणि मुदतवाढ अवलंबून होती. सगळी जोखीम विकत दिल्यावरही शहराला उशीर चुकला नाही. २४ मे २०१८ ही ठरलेली तारीख हुकली आणि मार्ग १४ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाला. न्यायमूर्ती विल्यम हुरिगन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला.

टोराँटोच्या एग्लिंटन मार्गावर (१९ किमी., त्यातील सु. १० किमी. भुयारी) निराळी विभागणी होती. मेट्रोलिंक्स या प्रांतिक वाहतूक-संस्थेने चार टीबीएम आधीच विकत घेतले आणि बोगदा व स्थानके यांची कंत्राटे वेगळी केली. खोदाई २०१३ मध्ये सुरू झाली. ॲलन रोडजवळ जुने भुयारी स्थानक आडवे असल्याने २०१४ मध्ये शेकडो टनांची यंत्रे खड्ड्यातून वर काढून, रस्त्यावरून पलीकडे नेऊन पुन्हा खाली सोडली गेली. याच परिसरात १९९४ मध्ये आधीच्या एका भुयारी मार्गासाठी खड्डा खणला होता. १९९५ मध्ये ऑन्टॅरिओच्या माइक हॅरिस सरकारने तो प्रकल्प रद्द करून खड्डा बुजवला. नियोजनातील सर्वांत मोठी जोखीम नेहमी खडकात नसते, याचा हा पुरावा कोणत्याही अहवालापेक्षा बोलका आहे. बोगदे वेळेत झाले, अडले ते स्थानकांत. यंग रस्त्यावरील १९५४ च्या स्थानकाखालून जाताना जुन्या बांधकामातील दोष समोर आले. २०१८ मध्ये मेट्रोलिंक्सने ठेकेदार गटाला दावे मिटविण्यासाठी २३.७ कोटी डॉलर दिले, तरी २०२१ ची मुदत कित्येक वर्षांनी हुकली.

या अनुभवांनंतर कल बदलला. स्कारबरो विस्ताराच्या बोगद्याचे वेगळे कंत्राट मे २०२१ मध्ये स्ट्राबाग या बांधकाम कंपनीला (सु. ७५.७ कोटी डॉलर) दिले गेले. स्थानके, रूळ व यंत्रणा यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने आराखडा व किंमत ठरविण्याची पद्धत आली : गट आधी निवडायचा, जमीन एकत्र तपासायची, किंमत नंतर ठरवायची. यात ठरीव किमतीची शाश्वती उशिरा मिळते, आणि मालकाकडे स्वतःचे जाणते अभियंते नसतील तर वाटाघाटीत त्याचीच बाजू लंगडी पडते.

खर्च : टोराँटोचा शेपर्ड मार्ग (२००२, ५.५ किमी.) एक अब्ज डॉलरच्या आत झाला. स्पॅडायना विस्तार (२०१७, ८.६ किमी.) ३ अब्जांच्या पुढे गेला. माँट्रिऑलच्या ब्लू लाइनच्या सु. ६ किमी. विस्ताराचा अंदाज ७.६ अब्जांवर पोहोचला आहे. चलनवाढ धरूनही हा चढ मोठा आहे.

यंत्रे : टोराँटोतील लोव्हाट कंपनीने (स्थापना १९७२) शहराचेच नव्हे तर जगभरचे टीबीएम बनवले. १९९० च्या दशकातील नव्या सेंट क्लेअर बोगद्याचे यंत्रही तिचेच. २००८ मध्ये ती कॅटरपिलरने घेतली आणि २०१३ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. त्यानंतरची यंत्रे जर्मनीहून येऊ लागली. यंत्राला नाव देऊनच ते जमिनीत सोडण्याची चाल खाणकामगारांपासून आली आहे. ब्रॉडवेच्या दोन यंत्रांना विमान-अभियंत्या एल्सी मॅकगिल आणि गिर्यारोहक फिलिस मंडे यांची नावे दिली गेली.