झटका नाही, पण चटका

पिक्सेल-दिव्यांची, म्हणजे प्रत्येक इवल्या दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो अशी, पट्टी हाताळताना कुणी कचरत नाही. पाच व्होल्टच तर आहेत. दोन्ही तारा कोरड्या बोटांत धरल्या तरी काही जाणवत नाही. कातडीचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे शरीरातून वाहणारा प्रवाह नगण्यच. तांब्याच्या तारेचा रोध मात्र ओहमच्या शंभराव्या हिश्शात मोजतात. तिथे हेच पाच व्होल्ट अगदी वेगळे वागतात.

आधी हिशोब. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन इवले एलईडी असतात आणि त्यांना हुकूम देणारी एक चिप. डब्ल्यूएस२८१२बी या लोकप्रिय प्रकारात दर रंगाला जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर, म्हणजे पूर्ण पांढऱ्या उजेडाला ६० धरतात. हल्लीच्या बऱ्याच पिक्सेलना याहून कमी लागतो, पण हिशोब चुकायचाच तर जास्तीच्या बाजूने चुकावा. मीटरला ६० पिक्सेल असलेल्या पाच मीटर पट्टीत ३०० पिक्सेल, म्हणजे १८ अँपिअर. वॅट मात्र फक्त ९०! एवढेच वॅट २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आत मिळतात. व्होल्ट कमी केले की अँपिअर वाढणारच, आणि तार तापते ती अँपिअरने.

एवढा प्रवाह वाहताना वाटेतच व्होल्ट खर्ची पडतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. घरच्या विजेचे पाच व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय पट्टीपासून तीन मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तार, म्हणजे ०.१ ओहम. दहा अँपिअर वाहिले की एक व्होल्ट तिथेच गळाला! पाचातला एक जाणं म्हणजे पाचवा हिस्सा गेला. पट्टीतली तांब्याची पातळ पट्टिका आणखी खाते. निळ्या एलईडीला पेटायला सुमारे तीन व्होल्ट लागतात, लाल दोनावर भागवतो. म्हणून पट्टीच्या शेपटाकडे निळा आधी मंदावतो आणि पांढरा उजेड पिवळसर, मग तांबूस होत जातो. उपाय सोपा: जाड तार घ्या, सप्लाय जवळ ठेवा आणि पट्टीला एकाच टोकाऐवजी मधूनमधून वीज द्या. बारा व्होल्टचे पिक्सेल घेतले तर तेवढ्याच वॅटना प्रवाह निम्म्याहून कमी लागतो.

तांबूस शेपूट नुसतं कुरूप दिसतं. खरी भीती शॉर्टची, म्हणजे धन आणि ऋण तारा थेट एकमेकींना टेकण्याची, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा सप्लाय ६० अँपिअरचा आहे आणि त्यातून ०.७५ चौरस मिलिमीटरची तार दोन मीटरवर गेली आहे. पलीकडच्या टोकाला शॉर्ट झाला. जाऊन-येऊन तारेचा रोध जेमतेम ०.०९ ओहम, म्हणून प्रवाह ५० अँपिअरच्या आसपास. सप्लायच्या लेखी हा शॉर्टच नव्हे! त्याच्या मर्यादेतला, अगदी नेहमीसारखा भार आहे. तो इमानेइतबारे वीज पुरवत राहतो आणि अडीचशेच्या आसपास वॅट त्या चार मीटर तारेत उष्णता होऊन उतरतात. आवरण वितळायला आणखी काय हवं?

म्हणून सप्लायमधून निघणाऱ्या प्रत्येक फांदीला, उगमापाशीच, तिच्या तारेला झेपेल असा फ्यूज हवा. तो पिक्सेल वाचवण्यासाठी नसतोच, तारेसाठी असतो. वरच्या उदाहरणात पाच अँपिअरचा फ्यूज केव्हाच उडाला असता. ‘सॉफ्टवेअरमधून उजेड ३० टक्क्यांवर बांधलाय’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सवय चांगलीच, पण तारा घासून उघड्या पडल्या तर सॉफ्टवेअर काय करणार?

एकाहून जास्त सप्लाय असतील तर त्यांच्या ऋण तारा एकमेकींना जोडायच्या, कारण पिक्सेलना हुकूम पोचवणाऱ्या डेटाच्या तारेवरचे व्होल्ट त्या ऋण तारेच्या तुलनेतच वाचले जातात. धन तारा मात्र जोडायच्या नाहीत. दोन सप्लायचे व्होल्ट कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि एकावरच सगळा भार पडू शकतो. एका सप्लायचा भाग संपून दुसऱ्याचा सुरू होतो, त्या जागी पट्टीची धन वाट कापून दोन भाग वेगळे करावे.

सप्लायच्या दुसऱ्या बाजूला घरगुती वीज आहे, तिथे मात्र झटकाच. जाळीदार पत्र्याच्या सप्लायचे स्क्रू बहुधा उघडेच असतात. त्यांवर झाकण, पत्र्याला अर्थिंग आणि बाहेर मांडणी असेल तर गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच, यांत काटकसर नको. पाण्यापासून वाचवायला सप्लाय पेटीत कोंबला तर तो स्वतःच्याच उष्णतेने गुदमरतो. त्यामुळे मोठी पेटी घ्या आणि सप्लायवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नका.

राहिली ढिली जोडणी. कनेक्टरमध्ये ०.०५ ओहम रोध वाढला तर दहा अँपिअरला पाच वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. तेव्हा मांडणी झाली की सगळे पिक्सेल पांढरे करून अर्धा तास ठेवा, मग प्लग काढून लगेच प्रत्येक जोडावर बोट टेकवा. जिथे बोट ठेववत नाही, तो जोड कापून नव्याने करा.