शिकागो कब्सचा तरुण इनफिल्ड

शिकागो कब्स ही अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधली खूप जुनी टीम. हरून हरून तळाला गेलेल्या या टीमने २०१२ ते २०१६ या काळात तरुण इनफिल्डच्या भरवशावर स्वतःला पुन्हा उभं केलं, त्याची ही नोंद.

इनफिल्ड म्हणजे फर्स्ट, सेकंड आणि थर्ड बेसवाले आणि सेकंड-थर्डच्या मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप, असे चौघं. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, बॅटर बॉल मारल्या मारल्या जीव तोडून पळत सुटतो, त्यामुळे जमिनीवरून सरपटत आलेला बॉल उचलून फर्स्ट बेसला पोचवायला सव्वाचार-साडेचार सेकंद मिळाले तरी खूप. क्रिकेटमधे बॉल हातातून निसटला तर एखादी रन जाते, इथे आउट होणारा माणूस सुखरूप बेसवर जाऊन उभा राहतो आणि पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, सगळी मेहनत परत करावी लागते.

वर्ल्ड सिरीज म्हणजे सीझनच्या शेवटी जेतेपदासाठी दोन टीममधे होणारी सात मॅचपर्यंतची लढत, कब्सनी ती शेवटची १९०८ मधे जिंकलेली. ऑक्टोबर २०११ मधे थिओ एपस्टीन टीमचे कर्तेधर्ते म्हणून आले, ह्यांनीच आधी बॉस्टन रेड सॉक्सचा ८६ वर्षांचा दुष्काळ २००४ मधे संपवला होता. पण इथलं पहिलंच वर्ष म्हणजे २०१२, त्यात ६१ मॅच जिंकल्या आणि १०१ हरल्या. पुढच्या वर्षी ६६, मग ७३. कब्सच्या घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर येणाऱ्या लोकांनी ही तीन वर्षं कशी काढली असतील ते त्यांनाच माहीत, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त कौतुक त्यांचंच वाटतं.

विचार साधा होता. पिचरचा खांदा नाहीतर कोपर कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ड्राफ्टमधली, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातली, आपली पहिली निवड दरवर्षी बॅटिंग करणाऱ्या पोरावर खर्च करायची आणि पिचर नंतर ट्रेडमधून, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, किंवा पैसे मोजून आणायचे. २०१३ च्या ड्राफ्टमधे दुसऱ्या नंबरवर थर्ड बेसचा क्रिस ब्रायंट घेतला. फर्स्ट बेसचा अँथनी रिझो जानेवारी २०१२ मधे सॅन डिएगोकडून आला, हा पोरगा १८ व्या वर्षी कॅन्सर होऊन त्यातून उठलेला. पोर्तो रिकोचा हावियर बायेझ एपस्टीन यायच्या आधीच २०११ च्या ड्राफ्टमधे मिळालेला, आणि शॉर्टस्टॉप अ‍ॅडिसन रसेलसाठी जुलै २०१४ मधे दोन चांगले पिचर ओकलंडला देऊन टाकले.

या यादीत स्टार्लिन कॅस्ट्रोचं नाव बरेच जण विसरतात ते मला पटत नाही. मे २०१० मधे २० व्या वर्षी आला, पहिल्याच मॅचमधे आपल्या बॅटिंगने टीमला ६ रन मिळवून दिल्या, २०११ मधे २०७ हिट (बॉल मारून बेस गाठणं म्हणजे हिट) मारून नॅशनल लीगमधे, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी कब्स ज्यात आहे त्यात, पहिला आला, आणि हरण्याच्या सगळ्या वर्षांत शॉर्टस्टॉपला तोच उभा होता. ऑगस्ट २०१५ मधे ती जागा रसेलला गेली, कॅस्ट्रो सेकंड बेसला सरकला, तिथेही चांगला खेळला, आणि डिसेंबरमधे त्याला न्यूयॉर्कच्या यांकीज टीमकडे पाठवलं. अकरा महिन्यांनी कब्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

ब्रायंटचंही एक आहे. एप्रिल २०१५ मधे सीझन सुरू होताना त्याला थोडे दिवस मायनर लीगमधेच, म्हणजे खालच्या पातळीवरच, ठेवलं, त्यामुळे टीमचा त्याच्यावरचा हक्क एक वर्षाने वाढला, त्याविरुद्धची तक्रार २०२० मधे फेटाळली गेली. नियमात बसत असेलही, पण माझ्या मते त्या पोरावर अन्यायच झाला.

२०१५ मधे जो मॅडन मॅनेजर असताना ९७ विजय आले, २०१६ मधे १०३. त्या वर्षीच्या ऑल-स्टार मॅचमधे, म्हणजे दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचमधे, नॅशनल लीगचा सुरुवातीचा अख्खा इनफिल्ड कब्सचा होता, रिझो, रसेल, ब्रायंट आणि सेकंड बेसला अनुभवी बेन झोब्रिस्ट. असं १९६३ नंतर पहिल्यांदाच घडलं.

मग २ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलंडविरुद्ध त्यांच्याच शहरात वर्ल्ड सिरीजची सातवी, शेवटची मॅच, ठरलेल्या नऊ इनिंग बरोबरीत, पाऊस आला म्हणून १७ मिनिटं खेळ थांबला, आणि दहाव्या इनिंगमधे ८-७ अशी एका रनची आघाडी. समोरच्या टीमचे तीनपैकी दोन आउट झालेले. बॅटला लागून बॉल हळूच थर्डच्या बाजूला घरंगळत आला, ब्रायंट पुढे धावला, ओल्या गवतावर फेकताना त्याचा पाय घसरला, तरी बॉल बरोबर रिझोच्या ग्लोव्हमधे. फेकायच्या आधीच ब्रायंट हसत होता, रिप्लेमधे स्पष्ट दिसतं. १०८ वर्षांनी मिळालेलं जेतेपद थर्डकडून फर्स्टला गेलेल्या एका थ्रोवर आलं, आणि त्या दिवशी इनफिल्डमधला सगळ्यात मोठा रिझो, तो २७ चा, ब्रायंट २४, त्या दिवशी सेकंड बेसला असलेला बायेझ २३, रसेल २२. रिझोने बॉल पँटच्या मागच्या खिशात घातला, आणि दोन दिवसांनी ग्रँट पार्कच्या सभेत मालक टॉम रिकेट्स यांच्या हातात दिला.

पुढे हा संच परत वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला नाही. घरगुती हिंसाचाराच्या नियमाखाली रसेलवर २०१८ मधे ४० मॅचची बंदी आली आणि २०१९ च्या शेवटी टीमने त्याला सोडलं. जुलै २०२१ च्या शेवटच्या दिवसांत रिझो यांकीजकडे, बायेझ मेट्सकडे आणि ब्रायंट जायंट्सकडे गेला, तिघंही दोन दिवसांत.