परवान्याचे शस्त्र आणि रस्त्यात अडवलेली गाडी : अमेरिकी कायद्याची पार्श्वभूमी

पोलिसांनी गाडी थांबवली आणि जवळ कायदेशीर पिस्तूल असेल, तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावेत, आतला दिवा लावावा आणि कागदपत्रांसाठी हात हलवण्याआधी शस्त्र कोठे आहे ते तोंडी सांगावे, असा सल्ला अमेरिकेतील वाहनचालकांना आज सर्रास दिला जातो. या सल्ल्याची गरज निर्माण झाली, कारण शस्त्र बाळगण्यावरचे निर्बंध सैल होत असतानाच थांबवलेल्या गाडीवरचे पोलिसांचे अधिकार वाढत गेले होते.

समोरची व्यक्ती ‘सशस्त्र आणि धोकादायक’ असल्याचा वाजवी संशय असल्यास पोलीस वरवरची अंगझडती घेऊ शकतात, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ठरवले. फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरप्लेटमुळे थांबवलेल्या एका चालकाला खाली उतरवल्यावर त्याच्या कोटाखाली फुगवटा दिसला आणि भरलेले रिव्हॉल्व्हर सापडले. त्या खटल्यात १९७७ मध्ये, कायदेशीररीत्या थांबवलेल्या चालकाला खाली उतरवण्यासाठी वेगळ्या कारणाची गरज नाही, असा निर्णय झाला. असाच वाजवी संशय असल्यास गाडीच्या आतला भागही तपासता येतो, हे १९८३ मध्ये ठरले.

फ्लोरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देण्याचे धोरण स्वीकारले आणि अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याशिवायही शस्त्र बाळगता येऊ लागले. सशस्त्र माणूस कायदा मोडत असेल, हे गृहीतक त्यामुळे कोसळले.

तरीही वेस्ट व्हर्जिनियातील एका प्रकरणात अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१७ मध्ये ‘सशस्त्र आणि धोकादायक’ या जुन्या शब्दप्रयोगाचा वेगळाच अर्थ लावला. वाहनतळावर एकाने पिस्तूल भरल्याची निनावी खबर आली, त्याची गाडी सीटबेल्टच्या कारणावरून थांबवली गेली आणि त्याची झडती झाली. त्याला शस्त्र बाळगण्याची बंदी आहे, हे पोलिसांना नंतर कळले. पीठाने म्हटले की, सक्तीने थांबवलेली सशस्त्र व्यक्ती तेवढ्यानेच धोकादायक ठरते, मग शस्त्र कायदेशीर असो वा नसो. त्याच न्यायालयाच्या छोट्या पीठाचा २०१६ चा निकाल याच्या उलट होता, आणि २०१५ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने ओहायोत उघडपणे पिस्तूल लावून चालणाऱ्या पादचाऱ्याच्या बाजूने कौल दिला होता. रस्त्याच्या कडेला एकट्याने खिडकीशी जाणाऱ्या पोलिसाची भीती खरी असते, हे मान्य करूनही पूर्ण पीठाचा हा तर्क पटत नाही. राज्याने दिलेला हक्क बजावला म्हणून झडतीपासूनचे संरक्षण कमी होणे अन्यायाचे आहे.

शस्त्राची माहिती आपणहून द्यावी का, यावरही राज्याराज्यांत एकमत नाही. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायना ती परवानाधारकावर बंधनकारक करतात, तर मिनेसोटात पोलिसाने विचारल्यावरच सांगावे लागते. जुलै २०१६ मध्ये त्याच मिनेसोटात एका परवानाधारक चालकाने न विचारता, आदराने, आपल्याजवळ शस्त्र असल्याचे सांगितले. काही सेकंदांतच पोलीस अधिकाऱ्याने त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची जोडीदार आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. अधिकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. ओहायोने २०२२ मध्ये आपणहून सांगण्याची सक्ती काढून टाकली. मात्र विचारल्यावर खरे सांगणे तेथे आजही बंधनकारक आहे.