'साभार' लिहिलं की झालं?

आमच्या सांगलीत एका ओळखीच्या मुलीनं आयर्विन पुलाचं वॉटरकलर काढून इन्स्टावर टाकलं, पंधरा दिवसांत ते कुणाच्यातरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, खालची सही कापलेली आणि कोपऱ्यात बारीक 'साभार : इंटरनेट'. विचारलं तर म्हणे, साभार लिहिलंय की! आता इंटरनेट कोण चित्रकार आहे का?

तर हे साभार प्रकरण वर्षानुवर्षं चालत आलंय पण कायद्यात तसं काही नाही. नाव देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र काढलं की हक्क आपोआप चित्रकाराचा, तो हयातभर आणि नंतर 60 वर्षं, नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही (केली तर कोर्टात पुरावा म्हणून बरी). समीक्षा, बातमी, स्वतःचा अभ्यास याला कलम 52 मध्ये सूट आहे, वाढदिवसाच्या फ्लेक्सला नाही. पूल कुणीपण काढावा, 1929 पासून उभाच आहे, पण तिचं चित्र तिचंच.

ऑनलाइन कुणी ढापलं तर त्या साइटला लेखी तक्रार द्यायची, नियमाप्रमाणे 36 तासांत त्यांनी ते बंद करायचं असतं, मात्र 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत सुरू करू शकतात. म्हणून मूळ मोठी फाइल, कच्ची स्केचेस जपून ठेवा, इन्स्टावर छोटीच टाका.